समोरच्या माणसाला काय दिसते?

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. डोंगरावरील खाणीला ग्रामसभेने ठरावाने नकार दिला, तहसील कचेरीत निवेदनांची थप्पी साचली, तरी मोजणीची माणसे येतच आहेत. म्हणून आता महामार्गावर चक्का जाम करून सामुदायिक अटक करून घ्यायची, असे तुम्ही ठरवले आहे. मी तुला अडवणार नाही. अन्यायाचा हुकूम उघडपणे मोडावा आणि त्याची शिक्षाही उघडपणे भोगावी, हे मी स्वतः केले आहे आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस, ‘लोक आमच्या बाजूने येतील ना?’ त्या प्रश्नावरच मला सविस्तर लिहायचे आहे.

डिसेंबर १९९० मध्ये बडवानीजवळच्या राजघाटावरून नर्मदा खोऱ्यातील हजारो माणसे सरदार सरोवराचे काम थांबवण्यासाठी पायी निघाली. गुजरातच्या हद्दीवर फेरकुवा येथे पोलिसांनी यात्रा रोखली. तेव्हा लहान लहान तुकड्यांनी हद्द ओलांडायचे ठरले, आणि आपल्या हातून हिंसा होणार नाही याची खूण म्हणून प्रत्येकाने हात बांधून घ्यायचे ठरले. माझे हात अक्राणीकडच्या एका पावरा आदिवासी आजीने लुगड्याच्या फाटक्या काठाने बांधले. गाठ सैल राहिली असे वाटून तिने ती सोडली आणि पुन्हा घट्ट मारली, कारण झटापटीत हात सुटले तर समोरच्यांना वेगळेच वाटेल, असे तिचे म्हणणे होते. ती कधी शाळेत गेली नव्हती. तरीही आपली कृती समोरच्याला कशी दिसेल याचा विचार तिने आमच्यासारख्या शहरातून आलेल्या शिकलेल्या पोरांपेक्षा अधिक केला होता.

बांधलेल्या हातांवर लाठी चालली आणि ते देशभर कळले. मेधाताई पाटकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांचे उपोषण तीन आठवड्यांहून अधिक चालले. सरकारने मागणी मान्य केली नाही, पण १९९१ मध्ये या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने प्रकल्पाच्या स्वतंत्र तपासणीसाठी ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, जून १९९२ मध्ये त्याचा प्रकल्पावर कठोर टीका करणारा अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग रद्द झाला. इतपत जनमत आम्ही नक्कीच वळवले.

मात्र ज्या जनमताशी आमची त्या हद्दीवर गाठ पडली होती, ते वळले नाही. पलीकडे गुजरातच्या बाजूलाही धरण हवे म्हणणारी हजारो माणसे जमली होती, आणि त्यांना केवळ सरकारने गोळा केलेली गर्दी म्हणून सोडून देणे ही आमची चूक होती. कच्छ आणि सौराष्ट्रातील माणूस त्या धरणाला ‘जीवादोरी’, म्हणजे जगण्याचा आधार, म्हणत होता. कोरड्या विहिरी पाहत वाढलेल्या त्या माणसाला आमचा सत्याग्रह म्हणजे आपल्या तोंडचे पाणी काढून घेणे वाटत होते. त्याच्या गावापर्यंत हे पाणी खरोखर कधी आणि किती पोहोचेल, तोवर त्याच्याच तलावांचे काय करता येईल, ही चर्चा आमच्या पुस्तिकांमध्ये होती, पण त्याच्या ओट्यावर बसून ती पुरेशी झाली नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने धरणाला वाट मोकळी करून दिली, आणि २०१७ मध्ये ते १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीचे झाले. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे त्याच्या बुडिताखाली आली. नुसत्या संवादाने धरण थांबले असते असा माझा दावा नाही. तरी ती उणीव मला अजून सलते.

तुमच्या चक्का जामबद्दल माझी अडचण इथेच आहे. १९९९ च्या पावसाळ्यात नर्मदाकाठच्या डोमखेडी गावात माणसे धरणाच्या चढत्या, छातीइतक्या पाण्यात उभी राहिली आणि पोलिसांनी त्यांना ओढून काढून अटक केली, तेव्हा त्यांचा गुन्हा एवढाच होता की ती आपल्या जागेवरून हलली नव्हती. पाहणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. महामार्गावर अडकलेल्या एसटीतील प्रवाशाला मात्र तुमचा डोंगर दिसत नाही, फक्त तुम्ही दिसता. नंतर एका तालुक्याच्या गावी आम्ही रस्ता रोखला असताना तापाने फणफणलेले मूल घेऊन एक बाई खाली उतरली आणि गाडी सोडा म्हणून विनवू लागली. आम्ही सोडली, पण आपसांत वाद घालून, बऱ्याच वेळाने. पुढे त्या तालुक्यात आमच्या मागण्या कुणाला आठवत नसत. ती बाई सगळ्यांना आठवत होती, आणि ते योग्यच होते.

म्हणून बसायचेच तर मोजणीची गाडी ज्या वाटेने वर चढते त्या वाटेवर, तुमच्या देवाच्या थानापाशी बसा. तिथे कॅमेरे कमी येतील हे मला कळते. पण मग बाजाराच्या दिवशी खालच्या गावातील माणसांना, शिक्षकांना, वकिलांना वर घेऊन या आणि ज्या झऱ्याचे पाणी त्यांच्या शेतापर्यंत जाते तो झरा त्यांना दाखवा. खाणीत रोजगार मिळेल या आशेवर असलेल्या तुमच्याच गावच्या पोरांशी आधी बोला, त्यांना फुटीर म्हणू नका. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात मावळे शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाच्या कामावर जाऊन बसले, पण त्यांच्या जमिनींत हितसंबंध असलेल्या पुण्याच्या सावकारांना नुकसानभरपाईत रस होता, आणि सेनापती बापटांसारखा निर्भय नेता असूनही ही आतली फूट लढ्याला भोवली.

ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे कागदाचे काम संपले असेही समजू नकोस. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांनी वर्षानुवर्षे बॉक्साइटच्या खाणीला विरोध केला. पण एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे निर्णय ग्रामसभांकडे सोपवल्यावर जिल्हा न्यायाधीशांच्या देखत बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार नोंदवला, तेव्हा त्या नकाराला वेगळेच वजन आले. वाड्या-वस्त्यांवर, आपल्या बोलीत, बायकांनी उठून सांगितलेले ते शब्द होते. तुमच्या ठरावाच्या सभेत किती बाया बोलल्या, हे तुझ्या पत्रात नाही. याउलट ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेची दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि २९ जणांना अटक झाली, तेव्हा शहर झाडांसाठी हळहळले, पण तिथल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांचा जमिनीवरचा हक्क त्या हळहळीत पुरेसा ऐकू आला नाही. तुमच्या बाजूने बोलायला शहरातून कुणी आले, तर माईक आधी तुमच्या माणसांच्या हाती राहील एवढे तू पाहा.

अटक होणाऱ्यांची यादी करताना ज्यांच्या घरी दुसरे कमावते माणूस नाही त्यांची नावे वगळ, आणि जामीन घ्यायचा की नाही हे प्रत्येकाला आपल्या घरच्यांशी बोलून ठरवू दे. पत्रकाचा मसुदा आधी तुमच्या बोलीत लिहा, तिथे कुणालातरी वाचून दाखवा आणि मगच मराठीत करून मला पाठव. मी चतुर्थीनंतर चार दिवस येऊन राहीन. मोजणीची वाट मला एकदा तुझ्याबरोबर चालून पाहायची आहे.

तुझा,
काका