हवामानावर बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ऑक्टोबरात भुसावळहून इंग्लंडमधल्या लीड्सला नर्स म्हणून येताय, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास झालात. पण व्हिडिओवरच्या मुलाखतीत बाईंनी सुरुवातीलाच तिकडचं हवामान विचारलं, तुम्ही 'फॉर्टी फोर डिग्री' म्हणालात आणि पुढे दोघीही गप्प. इथे आल्यावर रोज असंच होणार का, ही तुमची काळजी. मी मूळचा अमळनेरचा, बरीच वर्षं लीड्समध्ये आहे आणि बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं उत्तर बरोबर होतं, फक्त आकडा कोणाला नको होता. आपल्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस 'कथा चालना भो?' म्हणतो, आपण 'आठेच', म्हणजे इथेच, म्हणून पुढे सटकतो. कुठे चाललो याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. इथे त्या जागी हवामान आहे. 'लव्हली डे, इझन्ट इट?' असं कोणी म्हटलं तर 'इट इज, इझन्ट इट? मच बेटर दॅन येस्टरडे' एवढं पुरे. आधी हो म्हणायचं, मग आपलं एखादं वाक्य जोडायचं. तुमच्या मुलाखतीत 'व्हेरी हॉट, आय ॲम अफ्रेड! हाउ इज इट देअर?' एवढ्यावर गाडी चालू राहिली असती.

हो म्हणणं महत्त्वाचं. जुलैत 27 अंश झाले की अख्खा वॉर्ड 'इट्स बॉइलिंग' म्हणत कागदाने वारा घेतो. तेव्हा तुमच्या ओठांवर येईल, 'हे तर काहीच नाही, आमच्या भुसावळला मे महिन्यात...' ते गिळा. तुमचं गाव कुठलं असं कोणी विचारलं की मग खुशाल सांगा, मजेने ऐकतात. आणि त्यांची तक्रार खोटीही नसते. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, बहुतेक घरांत छताला पंखासुद्धा नाही. 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंश नोंदले गेले. या देशात पारा 40 च्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेवढ्यात रेल्वेचं वेळापत्रक कोलमडलं.

हे लोक एवढं बोलतात तरी कशाला? मार्च ते मे आपल्या आभाळात रोज तेच ऊन, बोलणार काय! हे बेट अटलांटिकवरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या वाटेवर आहे, त्यामुळे सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी वारा. आपल्याकडे हवामानाचा विषय निघतो तो अवकाळी आला, गारपिटीने रावेर-यावलची केळी आडवी झाली, कापूस भिजला म्हणून. त्यात माणसाचं वर्ष अडकलेलं असतं. म्हणून आपण या प्रश्नाला फार गंभीरपणे उत्तर देतो, असं माझं मत.

आता भाषा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' विसरा, ते शाळेच्या पुस्तकात भेटतं, वॉर्डात नाही. बारीक थेंब पडत असतील तर 'इट्स स्पिटिंग', भुरभुर असेल तर 'ड्रिझलिंग', धो धो असेल तर 'चकिंग इट डाउन'. ढगाळ म्हणजे 'ओव्हरकास्ट', घाम काढणारी दमट हवा म्हणजे 'मगी', आणि हिवाळ्यात अपेक्षेपेक्षा थंडी कमी असेल तर 'माइल्ड'. बातम्यांत 'शॉवर्स' म्हणतात ते आंघोळीचं नव्हे, पावसाच्या सरी.

आपण 'पाऊस येतोय' वरून 'रेन इज कमिंग' म्हणतो, इथे 'इट्स रेनिंग' किंवा 'इट लुक्स लाइक रेन'. 'इझन्ट इट' आपण कुठल्याही वाक्यामागे लावतो, एरवी ते खटकतं. हवामानाची वाक्यं मात्र 'इट्स' नेच सुरू होतात, त्यामुळे तिथे ते बहुतेक वेळा बरोबरच बसतं. तेवढी आपली सोय! कालचं बोलताना 'वॉझन्ट इट'.

नर्स म्हणून दोन वाक्यांचा फरक पक्का करा. पेशंट 'आयम कोल्ड' म्हणाला तर त्याला थंडी वाजतेय, ब्लँकेट द्या. 'आयव्ह गॉट अ कोल्ड' म्हणाला तर सर्दी झालीय. आणि खाटेवर पडून असलेल्या आजी हमखास विचारतात, 'व्हॉट्स इट लाइक आउट देअर?' नवीन मुली याला 'यस, आय लाइक इट' असं उत्तर देतात. आजींना तुमची आवड नको असते, बाहेर कसं आहे ते हवं असतं. दिवसभर खिडकीकडे बघत बसलेल्या बाईला 'बिट चिली, बट द सन्स आउट' एवढं मिळालं तरी ती खूश. इथे मोजमाप सेल्सियसमध्येच, पण जुनी माणसं अधूनमधून फॅरनहाइटवर जातात. 'इट्ल बी सेव्हन्टी टुमॉरो' ऐकून घाबरू नका, ते 21 अंश.

उच्चारात एकच सांगतो. आपला 'व' दोन्हीकडे चालवला तर 'वेट' म्हणजे ओलं की जनावरांचा डॉक्टर, हे समोरच्याला कळत नाही. 'वेट', 'विंडी', 'विंटर', 'वेदर' म्हणताना शीळ घालायला करतो तसे ओठ गोल करा आणि वरचे दात खालच्या ओठाला लावू नका. आरशासमोर थोडे दिवस केलं की जमतं.

वाक्यांच्या याद्या पाठ करू नका, त्यापेक्षा रोज मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, अंदाज ऐका. तेच शब्द सकाळी हँडओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देण्याच्या, आधी कानावर पडतील.

तुम्ही ऑक्टोबरात येताय, तेव्हा सगळे 'द नाइट्स आर ड्रॉइंग इन' म्हणत असतील, म्हणजे लवकर अंधारायला लागलंय. डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते. टोपीवाला वॉटरप्रूफ कोट इथेच घ्या. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे जातं. त्या रात्री नाइट ड्यूटी लागली तर ती एक तासाने लांबते. त्या जास्तीच्या तासाचे पैसे मिळणार का, ते तेवढं आधी विचारून घ्या.