पॅच लावताना आवृत्तीचा आकडा जपा

प्रश्न : डेबियन १२ वरच्या थुनार फाइल मॅनेजरमधली एक चूक दुरुस्त करणारा पॅच (सोर्स कोडमधले बदल नोंदवलेली फाइल) मिळाला आहे. अधिकृत पॅकेजमध्ये तो अजून आलेला नाही. लावायला गेलो तर ‘हंक फेल्ड’ (पॅचमधला एक तुकडा बसला नाही) असे आले. शिवाय बांधलेला प्रोग्राम ‘मेक इन्स्टॉल’ने थेट बसवावा की .डेब (डेबियनची पॅकेज-फाइल) बनवावे?

उत्तर : .डेबच बनवा. ‘मेक इन्स्टॉल’ने टाकलेल्या फाइलींची ॲप्टकडे (डेबियनमध्ये पॅकेजे बसवणाऱ्या साधनाकडे) नोंद राहत नाही, पुढे जुन्या-नव्या फाइली एकमेकींत मिसळतात आणि निस्तरणे जड जाते.

आधी ॲप्टच्या सोर्सेस यादीतली डेब-एसआरसी ओळ (सोर्स कोड आणू देणारी) चालू करून ‘ॲप्ट अपडेट’ करा. बिल्ड-इसेन्शियल, डेव्हस्क्रिप्ट्स आणि क्विल्ट (पॅच लावून सांभाळणारे साधन) बसवा. ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप थुनार’ने बांधणीला लागणारी सगळी पॅकेजे येतात. ‘ॲप्ट सोर्स थुनार’ मात्र सुडोशिवाय चालवा, नाहीतर फाइली रूटच्या (प्रशासक खात्याच्या) मालकीच्या होतात.

आता तुमचा ‘हंक फेल्ड’. पॅच ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट केला असेल तर टॅबच्या जागी स्पेस आलेल्या असतात, आणि संदर्भाच्या ओळी जुळत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. पॅचची मूळ फाइल थेट डाउनलोड करा. तरीही अडले तर पॅच दुसऱ्या आवृत्तीसाठीचा आहे; न बसलेला तुकडा ज्यात राहतो ती .रेज फाइल उघडून तेवढा तुकडा हाताने बसवावा लागेल. ‘रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियस्ली अप्लाइड’ असे विचारले तर ‘एन’ म्हणा आणि सोर्स तपासा, कारण बहुधा ती दुरुस्ती आधीच आत आहे.

सोर्सच्या फोल्डरमध्ये शिरून क्विल्ट_पॅचेस या चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) ‘डेबियन/पॅचेस’ भरा. मग क्रमाने क्विल्ट इम्पोर्ट, क्विल्ट पुश, क्विल्ट रिफ्रेश. ‘फझ २’ दिसले तर पॅच लागला म्हणून पुढे जाऊ नका. संदर्भ पूर्ण न जुळताच तो बसलेला असतो, कधी कधी तशाच दिसणाऱ्या भलत्याच फंक्शनमध्ये. ती जागा वाचून खात्री करा आणि मगच रिफ्रेश. सोर्स-पॅकेज हाताळणाऱ्या डीपीकेजी-सोर्सला फझ अजिबात चालत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण घाईत उरकतात, आणि खरा धोका तिथेच आहे. समजा मूळ आवृत्ती ४.१८.४-१ आहे आणि तुम्ही तिला ‘+लोकल१’ जोडले. उद्या सुरक्षा-अपडेट ४.१८.४-१+डेब१२यू१ या आकड्याने आले, तर आकड्यांची तुलना करताना डीपीकेजी (ॲप्टच्या खालचे पॅकेज-साधन) इंग्रजी वर्णक्रम पाहते. त्यात ‘डी’ हा ‘एल’च्या आधी येतो, म्हणून तुमचेच पॅकेज नवे ठरते. अपडेट येत नाही आणि कसली सूचनाही मिळत नाही. म्हणून पॅकेजच्या बदल-नोंदीत नवा आकडा लिहिणारी ‘डीसीएच -एल +ए’ ही आज्ञा द्या. आकडा ‘+ए१’ होतो. तो मूळ आवृत्तीपेक्षा मोठा पण ‘+डेब’पेक्षा लहान. ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ने पडताळून घ्या. पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर रोखणारे ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावू नका, त्यानेही सुरक्षा-अपडेट अडते.

शेवटी ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी’ने पॅकेज बांधा. एका सोर्समधून अनेक .डेब निघतात आणि वरच्या फोल्डरमध्ये पडतात. त्यांतली यंत्रावर आधीपासून असलेली सगळी एकाच ‘ॲप्ट इन्स्टॉल’मध्ये द्या, प्रत्येक नावाआधी ./ लावून. मग ‘थुनार -क्यू’ करून थुनार पुन्हा उघडा. नाहीतर आधीपासून चालू असलेला जुनाच प्रोग्राम समोर येतो आणि पॅच निरुपयोगी वाटतो.

प्रश्न : नंतर मूळ पॅकेजवर परतायचे असेल तर?

उत्तर : ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल थुनार=४.१८.४-१’. सोबत बसवलेल्या बाकीच्या पॅकेजांची नावेही त्याच आदेशात तशीच आकड्यासह लिहा.