रोज दुचाकीवर धूर खातोय, फुफ्फुसातली प्रथिनं खराब होतात का? प्रोटीन पावडरने भरून निघतील?

तुम्ही लिहिलंय की कात्रज ते शिवाजीनगर रोज दुचाकीवर जाता, एक्स-रे स्वच्छ आलाय, तरी शंका आहे. मी पुण्यातच कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. पावडरचा विषय आधी संपवते: भरून निघणार नाही, पैसे वाचवा.

प्रथिनं खराब होतात का? होतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाला जुमानत नाहीत, थेट वायुकोशांत उतरतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण काजळी काही पचत नाही. मग मदतीला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी येतात आणि इलॅस्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सांडतात. ते इलॅस्टिन कापतं. श्वास सोडताना वायुकोशाची भिंत पुन्हा आक्रसते ती याच प्रथिनामुळे, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी.

खरी गोम पुढे आहे. इलॅस्टेजला आवरायला यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन बनवतं. त्याच्या साखळीतलं ३५८व्या जागेवरचं अमिनो आम्ल, मेथिओनाइन, ऑक्सिडीकरणाने बिघडलं, की हा पहारेकरी जवळपास निकामी. सिगारेटच्या धुराबाबत हे चांगलं तपासलं गेलंय. रस्त्यावरच्या धुरातही ऑक्सिडंट असतातच, पण मात्रा कितीतरी कमी, त्यामुळे लगेच घाबरू नका. आणि इलॅस्टिन बनतं ते मुख्यतः जन्माआधी आणि लहानपणी. मोठेपणी तुटलेली जाळी पुन्हा नीट विणली जात नाही, मग पनीर खा नाहीतर पावडर.

सुरुवातीचं असलं नुकसान एक्स-रेत दिसत नाही. स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत फुंकताना तंत्रज्ञ ‘अजून, अजून, थांबू नका’ म्हणून ओरडतो तीच. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकता तो आकडा जपून ठेवा आणि वर्षाने पुन्हा मोजा. वयानुसार तो वर्षाला २५-३० मिलिलिटरने घसरतोच. घसरण त्याहून बरीच जास्त दिसली, तर छातीच्या डॉक्टरांकडे जा.

तोंडाला स्कार्फ गुंडाळायची आपली पुणेरी पद्धत धुळीला बरी, बारीक कणांना नाही. त्याला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर हिरवा रंग दिसला म्हणूनही फार खूश होऊ नका: पीएम २.५ची, म्हणजे याच बारीक कणांची, भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून ५. थंडीत सकाळी हवा जमिनीलगत कोंडते, त्यात सोसायटीत पालापाचोळा जाळतात (याबद्दल मी आमच्या सेक्रेटरींशी रीतसर भांडते). जमलं तर तेव्हा थोडं उशिरा निघा.

सिगारेट ओढता का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. ओढत असाल, तर मास्कच्या आधी ती सोडा.