चप्पल चावली, आणि दुखलं नाही?

"काकी, वय ४६, मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. बायकोनं जगणं नको केलंय. रविवारचा पांढरा रस्सा बंद, पहाटे सहाला रंकाळ्याला फेऱ्या मारायला लावते, तालमीतल्या मित्रांसमोर माझ्या पोटावरून बोलते. मला काय झालंय? अजून दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. आता महिना होत आला फिरणं पण बंदच आहे, नवीन कापशी चप्पल अंगठ्याला चावली, जखम ओलीच आहे, तशी दुखत अजिबात नाही. तर हिला कसं समजवायचं ते सांगा."
– वैतागलेला नवरा, कोल्हापूर

वैतागलेल्या, तुझं पत्र दोनदा वाचलं. रस्सा, रंकाळा, पोट सगळं सोडून दिलं आणि दोन्ही वेळा त्या चपलेपाशीच अडकले.

अरे, नवी कोल्हापुरी चावली की काय होतं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतंय. चप्पल लाईनीतनं करकर वाजवत घरी यायचं, दुसऱ्या दिवशी लंगडायचं, मग चपलेला रात्रभर तेल पाजायचं आणि बोटाला पट्टी, आठ-दहा दिवसांत कातडी धरते आणि चप्पलही पायाला बसते. आणि दुखतं किती! ऐन लग्नात नवरदेव रडकुंडीला आलेले बघितलेत मी. तू मात्र लिहितोयस की महिना झाला, ओली आहे, पण दुखत नाही, आणि ते पण असं लिहितोयस जसं काही तालमीत अंग कमावल्याचं सर्टिफिकेटच दाखवतोयस.

दुखायला पाहिजे होतं रे बाबा. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर व्हायला लागतात, सुरुवात पायाच्या बोटांपासनं होते, वर पायाला रक्तपुरवठाही कमी पडतो, म्हणजे चावलेलं कळत नाही आणि कळलं तरी भरून येत नाही. माझे थोरले दीर चपलेतनं वर आलेला खिळा घेऊन दिवसभर बाजार फिरले होते, संध्याकाळी उंबऱ्यावर रक्ताचा ठसा बघून जाऊबाई ओरडल्या तेव्हा त्यांना पत्ता लागला. पुढं अंगठा काढायला लागला. तेही असंच म्हणायचे, मला काय झालंय.

तुला शुगर आहेच असं मी इथं बसून म्हणत नाही, ते रक्तच सांगेल. पण धंदा बघ की तुझा. सौद्याला उभा राहिलास की गुळाच्या रव्या-रव्याचा, म्हणजे ढेपे-ढेपेचा, खडा जिभेवर ठेवणार, सीझनभर हेच, वर म्हणणार गूळ नैसर्गिक असतोय, त्यानं काय होत नाही. गुळात लोह असेल, चव तर आहेच, माझ्याही डब्यात बारा महिने असतो, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो.

बायकोची बाजू घेईन असं वाटलं असेल तर तेही नाही. पोटावरनं चारचौघांत बोलायला वेळ आहे, रश्शाच्या वाट्या मोजायला वेळ आहे, पण महिनाभर एका घरात राहून तिनं तुझा पाय हातात घेऊन बघितलेला दिसत नाही. तर आज रात्री बघू दे. तू डोळे मिटून पडायचं, तिनं दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद नुसतं बोट टेकवायचं, दाबायचं नाही, घासायचं नाही, जखमेला तर हातच लावायचा नाही, आणि कळलं की तू सांगायचंस. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही तर नसा गेल्यात असं धरून चाल. आणि सगळं बरोबर आलं तरी उद्याचं चुकत नाही.

उद्या सकाळी यार्डात जायचं नाही. सौदा तुझ्याशिवाय होतोय. चहासुद्धा न पिता लॅबमध्ये जायचं, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी दोन्ही करायचं, ही दुसरी टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही. पहिली १२६ किंवा वर, दुसरी ६.५ किंवा वर, म्हणजे मधुमेह. आणि रिपोर्टची वाट बघत न बसता त्याच दिवशी पाय डॉक्टरला दाखवायचा, खाजगी नको असेल तर सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, जा. तोपर्यंत जखमेवर हळद नको, चुना नको, गरम पाण्यात पाय बुडवून शेक तर अजिबात नको, बधिर पाय भाजला तरी तुला कळणार नाही. लाली वर चढली, वास आला, ताप आला तर सकाळपर्यंतही थांबू नको.

आणि ते दवाखान्याची पायरी चढलो नाही मिरवणं बंद कर. ३० वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, म्हणजे तू १६ वर्षं लेट आहेस. टेम्पोचं पासिंग चुकवतोस का कधी?

कापशी माळ्यावर टाक. रिपोर्टचे दोन्ही आकडे मला लिहून पाठव, बायकोची तक्रार त्यानंतर ऐकते.