सूर्यास्ताला गिऱ्हाईक नाही

प्रश्न : मी आंजर्ल्याचा, वय २४. गेल्या दिवाळीत दापोलीतून लेन्ससकट जुना कॅमेरा घेतला, ४२ हजारांना. रोज किनाऱ्यावर जातो. अ‍ॅडोबी स्टॉक या ऑनलाइन फोटो विकणाऱ्या साइटवर माझे २१२ फोटो आहेत. पाच महिन्यांत ११ डाऊनलोड झाले, ३ डॉलर ६३ सेंट जमले. बघणारे सगळे म्हणतात फोटो सुरेख आहेत, मग विकले का जात नाहीत? सध्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा मोसम आहे. आई मदतीला हाका मारते आणि मी कॅमेरा घेऊन निसटतो. ती म्हणते, हे खूळ सोड, नोकरी बघ. काही नमुने सोबत पाठवतोय.
— एक वाचक, आंजर्ले

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. तू पाठवलेले वीस फोटो पाहिले. त्यात सतरा सूर्यास्त. सुवर्णदुर्गामागे बुडणारा सूर्य, होडीमागे बुडणारा सूर्य, माडाच्या झावळीत अडकलेला सूर्य. फोटो खरंच चांगले आहेत, लोक खोटं बोलत नाहीत. पण वाहवा करणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा. विकत घेणारा असतो सरबताच्या बाटलीचं लेबल करणारा, शाळेच्या पुस्तकात धडा लावणारा, पाककृतीचं पान जुळवणारा. त्याला मजकुराशेजारी ठेवायला नेमकं काहीतरी हवं असतं. सूर्यास्त त्याच्याकडे ढिगाने पडलेत, आणि २०२३ पासून तर अ‍ॅडोबीचंच फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय दोन ओळी लिहिल्या की पाहिजे तसला सूर्यास्त काढून देतं. (ते शिकलं कशावर? तुझ्यामाझ्यासारख्यांनी तिथे चढवलेल्या फोटोंवर. त्याचा वर्षाकाठी थोडा बोनस मिळतो, तेवढंच.)

माझा मालवणात स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. २०१७ च्या पावसाळ्यात लग्नं बंद, दुकानात शुकशुकाट, तेव्हा हे स्टॉकचं सुरू केलं. पहिले दोनशे फोटो माझेही तुझ्यासारखेच. रॉक गार्डनवरचा एक सूर्यास्त तर मी मोठा करून दुकानात टांगलाय. आजवर त्याची विक्री दोन.

पुढच्या मे महिन्यात सासूबाई पडवीत रातांबे फोडायला बसल्या होत्या. खाली गोणपाट, पुढ्यात पितळी परात. हातात अर्धा रातांबा, आतला पांढुरका गर बियांना चिकटलेला, बोटं पार जांभळी. पडवीत ऊन थेट येत नाही, अंगणातून उसळून येतं, त्यामुळे सालीवरची ओल चमकत होती आणि सावल्या काळ्या पडत नव्हत्या. गुडघ्यावर बसून मी चौदा फोटो काढले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ह्येचे कसले फोटो काढतंस गो? कोणाक होये हे?’’ त्यातला एक, नुसते हात आणि रातांबा, आजवर १३१ वेळा गेलाय. मग मी मागेच लागले. सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची, असं काही दिवस चालतं, ते तुला मी सांगायला नको. पहिल्या दिवशीची लालभडक साल आणि शेवटचं काळपट आमसूल यांच्यामधल्या प्रत्येक दिवसाचा रंग वेगळा असतो, आणि प्रत्येक रंगाचा फोटो वेगळा विकला जातो. काजूचं बोंड, चिऱ्याची खाण, सुपारी सोलणं, रापणीच्या जाळ्याची गाठ हेही जातं. तुझ्या खळ्यात आहे ते सोडून तू किनाऱ्यावर पळतोयस.

आता शब्दांचं, म्हणजे गिऱ्हाईक ज्यांवरून फोटो शोधतं त्या शब्दांचं. अ‍ॅडोबीत एका फोटोला ४९ शब्द लावता येतात, पण वजन पहिल्या दहांना जास्त. तू सगळीकडे इंग्रजीत ‘सुंदर’, ‘निसर्ग’, ‘भारत’ लावत सुटलायस. पैसे देणारा माणूस ‘सुंदर’ असं शोधत नाही रे. रातांब्याला आधी कोकम, मग गार्सिनिया इंडिका हे शास्त्रीय नाव, मग साल, हात, उन्हात वाळवणं, सरबत असं लाव. शास्त्रीय नाव लावायला आळस करू नकोस, आयुर्वेदाच्या गोळ्या विकणारे त्याच नावाने शोधत येतात. आणि सणाचे फोटो सणात चढवायचे नाहीत. आमच्याकडे गणपतीवर फळापानांची माटवी टांगून बांधतात, तिचे गेल्या वर्षीचे फोटो मी यंदा जूनमध्येच चढवणार. छापणाऱ्यांची तयारी आधी सुरू होते.

साइटवरून फोटो परत का येतात, असंही तू चिठ्ठीच्या कोपऱ्यात विचारलंयस. माझे एकदा बंदरातल्या होड्यांचे चाळीसच्या चाळीस फोटो परत आले. चूक माझीच. होडीचा नोंदणी नंबर दिसत होता आणि इंजिनावर कंपनीचं नाव. तेवढं पुसून पाठवले तेव्हा घेतले. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीज लागतं, म्हणजे त्याच्या सहीचा परवानगीचा कागद. हर्णैच्या लिलावातल्या मावश्यांचे तुझे फोटो त्या कागदाशिवाय जाहिरातीसाठी कोणी घेणार नाही. शटरस्टॉक या दुसऱ्या साइटवर ते एडिटोरियल, म्हणजे बातमी-लेखापुरते म्हणून, सुरुवातीला गाव, देश आणि तारीख लिहून देता येतात. सही मागायची तर मासे विकले गेल्यावर माग. बोली चालू असताना कागद पुढे केलास तर मावशी तुलाच टोपलीत घालतील. नुसत्या हातांना असला कागद सहसा लागत नाही, हा रातांब्यांचा आणखी एक फायदा.

पैशाचं स्पष्ट सांगते. अ‍ॅडोबी फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देतं, आणि वर्गणीवाल्या गिऱ्हाइकाकडून त्याचे बहुतेक वेळा ३३ सेंटच हाती लागतात, हे तुझ्या ११ डाऊनलोडच्या हिशोबावरून दिसतंच आहे. २५ डॉलर झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, म्हणजे या दराने ७५ च्या वर डाऊनलोड. शटरस्टॉकवर विक्रीनुसार १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, आणि दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म पॅन नंबर घालून भर. नाहीतर तिथल्या विक्रीवर ३० टक्के कापतात. भरलास तर भारताशी असलेल्या करारामुळे १५.

माझे आज अडीच हजारांवर फोटो आहेत. महिन्याला साडेतीन-चार हजार रुपये येतात. दुकानाचं वीजबिल आणि नेटचा खर्च निघतो, वर कधीतरी एखादी साडी. यावर घर चालत नाही, तेव्हा नोकरीचं आई म्हणते ते ऐक. रविवार तुझाच आहे.

आणि उद्या ती रातांबे फोडायला बसली की निसटू नकोस, शेजारी बस. आधी परातभर फोडून दे, मग कॅमेरा घे. मात्र हात नीट धुऊन, पुसून. माझ्या कॅमेऱ्याच्या बटणाभोवतीचा जांभळा डाग अजून निघालेला नाही.