बँकॉकची पहिली सकाळ: राजवाड्यापासूनच सुरुवात करा

एकटेच निघालात ना, मग पहिल्या सकाळी फार ठिकाणं ठरवू नका. ग्रँड पॅलेस हा राजवाडा, वाट फो आणि नदीपलीकडचं वाट अरुण ही दोन देवळं, एवढंच पुरे. मेट्रोनं सनाम चाय स्टेशनला उतरा, पुढे पायी जाता येतं.

राजवाडा साडेआठला उघडतो. तेव्हा आपल्याकडे सात वाजलेले असतात, त्यामुळे झोप मोडल्यासारखं वाटेल, पण उशीर केलात तर ऊन आणि टूर बसची गर्दी दोन्ही अंगावर येतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. हाफ पँटवर आत सोडत नाहीत.

आता महत्त्वाचं. फाटकाच्या आसपास एखादा नीटनेटका माणूस गोड हसून सांगेल, ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे. टुकटुकनं स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो.’ ही जुनीच फसवणूक आहे; फेरी संपते रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात. उत्तर देत बसू नका, सरळ चालत राहा आणि तिकीट खिडकीवरच खात्री करा. एकटा प्रवासी दिसला की हे लोक हमखास गाठतात.

वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. पावलांवरचं शिंपल्यांचं जडावकाम बघायला विसरू नका. मला तर राजवाड्यापेक्षा हेच देऊळ जास्त आवडतं. मग ता तियन धक्क्यावरून होडीनं पलीकडे जा, काही बाथच लागतात. सुटे जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर रस्त्यावर खाताना फिश सॉसचं आधी विचारा.