हत्यारात हत्या नाही, हात आहे

एका वाचकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. भारताच्या संरक्षण निर्यातीवरील एका चर्चेत एक वक्ते म्हणाले की, ‘हत्यार’ या शब्दातच ‘हत्या’ आहे, म्हणून विकसनशील देशांना हत्यारे विकणे म्हणजे त्यांना हत्या विकणे होय, आणि हे झाकण्यासाठीच सरकारी कागदांत ‘शस्त्रास्त्रे’ असा भारदस्त शब्द घालतात. ही व्युत्पत्ती बरोबर आहे का, हा पहिला प्रश्न. फिलिपिन्सला दिलेल्या ब्रह्मोसला शस्त्र म्हणावे की अस्त्र, हा दुसरा.

व्युत्पत्ती साफ चूक आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून विद्वानांच्या व्यासपीठापर्यंत मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की, या वेळी तिचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे. केवळ दोन शब्दांची पहिली अक्षरे जुळतात एवढ्यावरून नाते ठरवायचे, तर कोणताही शब्द कोणत्याही घरात दत्तक देता येईल.

आपल्या शेजारच्या भाषा पाहाव्यात. हिंदीत, गुजरातीत आणि पंजाबीतही हा शब्द ‘हथियार’ आहे. त्यात ‘थ’ आहे. संस्कृतातला ‘स्त’ प्राकृतात ‘त्थ’ होतो: ‘पुस्तक’पासून ‘पोत्थअ’ आणि मग आपली पोथी, ‘मस्तक’पासून ‘मत्थअ’ आणि मग आपला माथा. त्याच वाटेने ‘हस्त’ शब्दाचे ‘हत्थ’ झाले आणि हिंदीत ‘हाथ’ आले. याउलट ‘त्य’ प्राकृतात ‘च्च’ होतो: सत्याचे ‘सच्च’ आणि मग साच, नृत्याचे ‘नच्च’ आणि मग नाच. म्हणजे ‘हत्या’ हा शब्द प्राकृतातून झिजत आला असता, तर त्यात ‘च’ दिसला असता. ‘हथियार’मधला ‘थ’ हत्येतून कोणत्याही नियमाने निघत नाही. तो हातातूनच निघतो.

मग मराठीत ‘थ’ कुठे गेला? येथे मला या शब्दातला सर्वांत मोठा आनंद सापडतो. मराठीने या संपूर्ण घराण्यातला महाप्राण, म्हणजे ‘थ’मध्ये मिसळलेला ‘ह’कार, काढून टाकला आहे. हिंदीतला हाथ आपल्याकडे हात होतो, हाथी हत्ती होतो, हथौड़ा हातोडा होतो, आणि अगदी त्याच न्यायाने हथियार हत्यार होते. हत्ती म्हणजे तरी काय, तर ‘हस्तिन्’, सोंडेचा हात असलेला प्राणी. हत्ती, हातोडा आणि हत्यार ही एकाच हाताची तीन लेकरे आहेत, आणि जुन्या मराठीतले ‘हातियेर’ हे रूप ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. बंगालीतही ‘हातियार’ असाच उच्चार आहे. उरलेल्या ‘-यार’ या भागाची घडण कशी झाली यावर अभ्यासकांनी हवा तेवढा वाद घालावा. पहिल्या अंगात हात आहे, यात वादाला जागा नाही.

घोटाळा झाला तो खुनी या अर्थाच्या ‘हत्यारा’ या शब्दामुळे. तो मात्र खरोखरच हत्येपासून आलेला आहे. हिंदीत हथियार आणि हत्यारा ‘थ’ आणि ‘त’ यांच्या भेदामुळे वेगळे राहतात. मराठीत महाप्राण गळल्यामुळे दोघांचे तोंडवळे एक झाले, इतके की अनेकवचनात दोन्हींचे ‘हत्यारे’ होते. ‘हत्यारे सापडली’ म्हटले तर पंचनामा होतो आणि ‘हत्यारे सापडले’ म्हटले तर अटक होते. केवळ क्रियापदाच्या लिंगावर हा भेद उभा आहे, आणि बातम्या लिहिणाऱ्यांनी तरी तो जपला पाहिजे.

आता त्या वक्त्यांच्या दुसऱ्या विधानाकडे पाहू, कारण ते पहिल्याहून अधिक उलटे आहे. ‘शस्त्र’ हा शब्द सौम्य आहे असे त्यांना वाटते. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या जुन्या यादीत, ‘शसु हिंसायाम्’ (हिंसा करणे या अर्थी ‘शस्’) असा धातू आहे आणि शस्त्र त्यापासून बनले आहे. म्हणजे मूळ अर्थातच हिंसा शोधायची असेल, तर ती ‘शस्त्र’ या शब्दात सापडेल. ‘हत्यार’ या शब्दात केवळ एक हात आणि त्याने करायचे काम सापडेल. सरकारने काही झाकण्यासाठी शब्द निवडला असेलच, तर अगदी चुकीचा निवडला, असे म्हणावे लागेल.

लहानपणी आमच्या घराशेजारी एक सुतारकाका राहत. खंडेनवमीच्या सकाळी ते रंधा, करवत, पटाशी आणि वाकस धुऊन, पुसून, पाटावर ओळीने मांडत, प्रत्येकाला हळदकुंकू लावून वर झेंडूचे एकेक फूल ठेवत, आणि आम्ही मुलांनी हात पुढे केला की म्हणत, “आज हत्यारांना हात लावायचा नाही, आज त्यांची सुट्टी.” ते हत्यारेच म्हणत, अवजारे कधी म्हणाले नाहीत. त्याच दिवशी संस्थानिकांच्या वाड्यांत तलवारींची पूजा होई, आणि तीही हत्यारांचीच पूजा असे. रंधा आणि तलवार एका शब्दात राहू शकत होती, कारण शब्द वस्तूच्या परिणामावरून आलेला नव्हता, ती धरणाऱ्या हातावरून आलेला होता.

माझे मत असे आहे, आणि ते मी अनेक वर्षे धरून आहे, की ‘हत्यार’ या शब्दाला केवळ युद्धाकडे ढकलण्याचे काम ‘अवजार’ या शब्दाने केले. हा परका शब्द फारसीमार्गे मराठीत रुळला, शेतीच्या आणि कारागिरीच्या साधनांवर त्याने हक्क सांगितला, आणि ‘हत्यार’ या शब्दाकडे हळूहळू भांडणे आणि लढाया तेवढ्या उरल्या. सुतार, न्हावी, चांभार यांच्या बोलण्यात जुना अर्थ टिकला; छापील मराठीने तो सोडला. काही कोशप्रेमी मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात की, दोन्ही शब्द पूर्वीपासून शेजारी नांदत होते. नांदत होते हे मलाही मान्य आहे, पण घराची वाटणी कोणी केली, याचे उत्तर ते देत नाहीत.

हा जुना, दुहेरी अर्थ आज पुन्हा आवश्यक झाला आहे, असे मी गंभीरपणे म्हणतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या धोरणात ज्यांना ‘दुहेरी वापराच्या वस्तू’ म्हणतात, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तू, त्या सुतारकाकांच्या अर्थाने हत्यारे आहेत. 1980च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत संघाला जहाजांचे पंखे घडवणारी अचूक यंत्रे विकली आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने त्यांची नियंत्रक प्रणाली पुरवली. एकही तोफ, एकही गोळी विकली गेली नव्हती. पण त्या यंत्रांवर पाणबुड्यांचे कमी आवाज करणारे पंखे घडवता येत होते, आणि 1987मध्ये हे उघड झाले तेव्हा अमेरिकेत मोठा गदारोळ उठला. ती यंत्रे अवजारे होती की हत्यारे? मराठीला हा प्रश्न पडायलाच नको होता.

भारत डिसेंबर 2017मध्ये निर्यात नियंत्रणासाठी अनेक देशांनी मिळून उभारलेल्या ज्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला, तिच्या दोन याद्या आहेत, एक युद्धसामग्रीची आणि दुसरी दुहेरी वापराच्या वस्तूंची. आपल्याकडील ‘स्कोमेट’ नावाच्या निर्यात नियंत्रण यादीतही रसायने, सूक्ष्मजीव, यंत्रे आणि तंत्रज्ञान येते, तर थेट युद्धसामग्रीसाठी सहावा विभाग आहे. म्हणून ‘शस्त्रास्त्र निर्यात’ आणि ‘संरक्षण निर्यात’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 2013-14मध्ये 686 कोटी रुपये असलेली आणि 2024-25मध्ये 23,622 कोटींवर गेलेली रक्कम संरक्षण निर्यातीची आहे. तिच्यात अमेरिका आणि फ्रान्सकडे जाणारे सुटे भागही आहेत. ती सगळी रक्कम विकसनशील देशांना विकलेल्या शस्त्रांची आहे, असे सांगणे ही व्युत्पत्तीहूनही मोठी चूक आहे.

वक्त्यांची काळजी मात्र मला खोटी वाटत नाही. विकसनशील देशाला विकलेले हत्यार त्याच्या सीमेवर उभे राहील, की त्याच्याच नागरिकांवर रोखले जाईल, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच विक्रीपूर्वी घेणाऱ्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणजे शेवटी ते कोणाच्या हाती राहणार, हे लिहून घेतले जाते. एप्रिल 2013मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रव्यापार करारावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. निर्यातदार आणि आयातदार यांच्या जबाबदाऱ्यांचा तोल त्यात साधलेला नाही आणि दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांबाबत तो दुबळा आहे, असे भारताचे म्हणणे होते. या भूमिकेवर टीका करायची तर अवश्य करावी, परंतु ती अंतिम वापराच्या अटींवर आणि त्यांच्या तपासणीवर करावी. शब्दाच्या खोट्या जन्मकथेवर उभा केलेला युक्तिवाद पहिल्याच प्रश्नाला कोसळतो आणि खरी काळजीही सोबत घेऊन जातो.

राहिला ब्रह्मोस. ‘असु क्षेपणे’ या धातूपासून अस्त्र, म्हणजे फेकायचे ते. हातात धरून चालवायचे ते शस्त्र. अमरसिंहाच्या अमरकोशाने, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या पर्यायकोशाने, ‘आयुध, प्रहरण, शस्त्र, अस्त्र’ हे सगळे एकाच ओळीत पर्याय म्हणून दिले आहेत आणि त्यावर बोट ठेवून भेद नाकारणारे पंडित मला नेहमी भेटतात. अमरसिंहाला पर्याय श्लोकात बसवायचे होते. युद्धशास्त्र लिहायचे नव्हते. धनुर्वेदाच्या परंपरेत मुक्त (फेकायचे), अमुक्त (हातातच धरायचे), मुक्तामुक्त (दोन्ही प्रकारे चालणारे) आणि यंत्रमुक्त (यंत्रातून सोडायचे) असे स्पष्ट भेद आहेत, आणि जानेवारी 2022च्या करारानुसार फिलिपिन्सने घेतलेले, एप्रिल 2024पासून तेथे पोहोचू लागलेले हे क्षेपणास्त्र यंत्रमुक्त आहे. म्हणून ते अस्त्रच. त्याचा ब्रह्मास्त्राशी मात्र संबंध जोडू नये. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांच्या नावांतून तो शब्द जुळवलेला आहे. नाव शोभते ते पिनाकाला. पिनाक हे शिवाचे धनुष्य, आणि पुण्यातील पाषाणच्या प्रयोगशाळेने विकसित केलेली ती प्रणालीही अग्निबाण सोडणारे धनुष्यच आहे. तेव्हा आर्मेनियाला पिनाक दिले असे लिहिताना काटेकोर लेखकाने त्याला अस्त्र म्हणू नये. अस्त्र ते, जे त्यातून सुटते.